इच्छामरणाचा कायदा व ख्रिस्तसभेचा आक्षेप
(सातारा–सांगली प्रांताच्या इतिहासाच्या अनुरोधाने)

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकांत सामान्यतः देवळाच्या पायाभरणीची हकिकत असते. घंटा कोणी दिली, शाळेची कौले कोणाच्या वर्गणीतून चढली, कोणत्या पाद्रीबाबांनी घोड्यावरून कोणती खेडी पालथी घातली, हे सर्व त्यांत येते. व ते यावे हेही योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटात स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या वह्यांशेजारी आणखी एक वही असते, तिच्याकडे उत्सवाच्या दिवसांत कोणी वळत नाही. ती मृतांची वही होय. तीत नाव, वय व दफनाची तारीख यांच्याबरोबरच त्या मनुष्यास अखेरचे संस्कार मिळाले किंवा नाही, याचीही नोंद करण्याचा प्रघात आहे. मनुष्य कसा मेला व मरतेवेळी त्याच्या उशाशी कोणी होते की नाही, हा प्रश्न ख्रिस्तसभेने पूर्वापार आपल्या दप्तरात नोंदण्याइतका महत्त्वाचा मानलेला आहे. हाच प्रश्न गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आपल्या राज्याच्या विधिमंडळापर्यंत व देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून त्याचा इतिहास थोड्या विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांविषयी. असाध्य रोगाने पीडलेल्या मनुष्यास वैद्याने औषध घालून मारणे यास ‘दयामरण’ म्हणतात. वैद्याने विष हाती द्यावे व रोग्याने ते स्वतः प्यावे, यास साहाय्याने केलेली आत्महत्या म्हणता येईल. वर्तमानपत्रांनी मात्र दोहोंना मिळून ‘इच्छामरण’ हे भारदस्त नाव दिले आहे. हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भीष्म उभे राहतात. परंतु भीष्मांनी त्या वराचा उपयोग कसा केला, हे आपण विसरतो. सर्वांग बाणांनी विंधलेले असता त्यांनी मरण जवळ केले नाही; उत्तरायण लागेपर्यंत ते लांबविले, व त्या अवधीत धर्मराजास राजधर्म सांगितला. वेदना असह्य झाली म्हणून मरण मागून घेण्यास भीष्मांचे नाव देणे, हा त्या पितामहांवर अन्यायच आहे, असे आम्हांस वाटते. असो.

आता आपल्या प्रांताकडे वळू. साताऱ्याच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर, जेथे वेण्णा कृष्णेस मिळते, तेथे संगम माहुली आहे. तेथील देवळे व घाट पाहण्यास पुष्कळ लोक जातात. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले, व त्यांच्या राणी सकवारबाईसाहेब त्यांच्यामागे सती गेल्या. इतकीच हकिकत असती तर ती पतिनिष्ठेची गोष्ट म्हणून सांगून मोकळे होता आले असते. परंतु साताऱ्यास इंग्रजांचे रेसिडेंट राहिलेले ग्रँट डफ यांनी १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात वेगळीच हकिकत दिली आहे. राणीसाहेब पेशव्यांच्या विरुद्ध पक्षाच्या होत्या. आपले बेत झाकण्यासाठी त्या, महाराजांचे काही बरेवाईट झाल्यास आपण सहगमन करणार, असे बोलून दाखवीत असत. महाराज वारले तेव्हा पेशव्यांनी त्यांना असा निरोप पाठविला की, आपण हा विचार मनातून काढून टाकावा. आणि तो निरोप अशा रीतीने पाठविला की, त्यानंतर मागे फिरणे म्हणजे चारचौघांत नाचक्की. शिवाय राणीच्या भावास बोलावून, बहीण जिवंत राहिल्यास शिर्के घराण्यास कसा बट्टा लागेल हे पटविले, व तिचे मन वळविल्यास कोकणात जहागीर देण्याचे वचन दिले. डफच्या सर्वच विधानांशी आमचे इतिहासकार सहमत नाहीत, व येथे कोणास दोषी ठरविणे हा आमचा हेतूही नाही. परंतु ही हकिकत ज्याने एकदा वाचली, त्यास ‘तिने स्वेच्छेने मरण पत्करले’ हे वाक्य पुन्हा सहजासहजी उच्चारवणार नाही. राणीने ‘नको’ म्हटल्याची नोंद नाही. कागदोपत्री तिची संमती पूर्ण होती.

ख्रिस्तसभेच्या आक्षेपाचा इतिहासाशी जो संबंध आहे तो नेमका येथे आहे. सती बंद होण्यापूर्वी ती ‘नियमबद्ध’ करण्याचा एक प्रयोग होऊन गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८१३ च्या सुमारास कंपनी सरकारने बंगाल इलाख्यात हुकूम काढले की, स्त्री राजीखुशीने जात असेल तर तिला अडवू नये. मात्र ती सोळा वर्षांच्या आतील नाही, गरोदर नाही, व तिला कैफाचा पदार्थ पाजलेला नाही, याची पोलिसांनी खात्री करून घ्यावी. आजच्या इच्छामरणाच्या कायद्यांतील कलमे ज्यांनी वाचली असतील, त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. त्या इलाख्यात १८१५ साली सतींची नोंद ३७८ होती. १८१८ साली ती ८३९ झाली. या वाढीतील काही भाग नोंदी अधिक काळजीने होऊ लागल्याचा, व काही त्या वर्षांतील पटकीच्या साथीचा, हे आम्ही मान्य करतो. परंतु सरकारी शिपाई चितेशेजारी उभा राहू लागल्यापासून लोकांनी त्याचा अर्थ परवानगी असाच घेतला, असे खुद्द कंपनीच्या कित्येक अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. अखेर १८२९ साली बंगालात व पुढील वर्षी मुंबई इलाख्यात संमतीची चौकशी करण्याचे सोडून देऊन सरसकट बंदी करण्यात आली. खरी संमती व काढून घेतलेली संमती यांतील भेद बाहेरून पाहणाऱ्यास करता येत नाही, असाच त्या बंदीचा मथितार्थ होता.

त्याच १८१२ च्या सुमारास बंगालमधील काटवा येथे एका महारोग्यास जिवंत जाळण्यात आल्याचे विल्यम कॅरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याने पाहिले. तो रोगीही स्वतः होऊन खड्ड्यात उतरला होता. आगीची धग लागताच तो वर येण्यासाठी धडपडला, व त्याच्याच माणसांनी त्यास पुन्हा आत लोटले. ह्या हकिकतीवर आम्ही अधिक काही लिहीत नाही.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहता आक्षेप जुना आहे. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा ज्या स्त्रियांची अब्रू घेतली गेली त्यांनी जीव द्यावयास हवा होता, असे म्हणणारे प्रतिष्ठित रोमन नागरिक कमी नव्हते. संत आगुस्तीन यांनी आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्यांना उत्तर दिले की, अपराध दुसऱ्याचा असता निरपराध जिवास शिक्षा का? आत्महत्येच्या निषेधाचा हा पहिला मोठा ख्रिस्ती युक्तिवाद अबलांच्या कैवारासाठी झालेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे तेराव्या शतकात संत थोमास आक्विनास यांनी तीन कारणे मांडली. प्रत्येक जीव स्वभावतः स्वतःला जपतो. मनुष्य समाजाचा अवयव आहे, म्हणून तो गेल्याने समाजाची हानी होते. आणि जीवन ही परमेश्वराची देणगी असून तिचा धनी तोच आहे. तिसरे कारण श्रद्धावंतांसाठी आहे. पहिली दोन कोणत्याही विचारी मनुष्यापुढे ठेवता येतात, व कायद्याच्या वादात आम्ही तीच पुढे करणे श्रेयस्कर. कारण कायदा सर्व धर्मांच्या लोकांसाठी असतो.

ख्रिस्तसभेच्या वर्तनाविषयी एक अप्रिय गोष्टही नमूद केली पाहिजे. आत्महत्या करणाऱ्यास पवित्र भूमीत दफन नाकारण्याची रीत कित्येक शतके होती, व १९१७ च्या धर्मनियमांतही ती कायम होती. ज्या घरावर अगोदरच दुःखाचा डोंगर कोसळला, त्या घरास कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभे करण्यात आले. १९८३ च्या नियमांतून ती तरतूद गळाली. आणि मनाच्या गंभीर व्याधीने किंवा यातनेच्या भीतीने मनुष्याची जबाबदारी कमी होते, हे १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्टपणे सांगितले. निषेध कृत्याचा करावयाचा, मनुष्याचा नव्हे, हे आपल्या सभेस उशिरा उमगले, पण उमगले.

येथे आमच्या शेजाऱ्यांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. सांगली, मिरज व कृष्णाकाठची अनेक गावे जैन समाजाने भरलेली आहेत, व सल्लेखना हे त्या धर्मातील श्रेष्ठ व्रत आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे ते व्रत घेऊन देह ठेवला, तेव्हा दक्षिण महाराष्ट्रातून यात्रेकरूंची रीघ लागली होती. सावरकरांनी १९६६ साली, व विनोबांनी १९८२ साली पवनार येथे, अन्न व औषध सोडून देहत्याग केला, तोही ह्याच परंपरेच्या छायेत. राजस्थानच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखना आत्महत्येसमान ठरविली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. आपण ख्रिस्ती लोक हे व्रत आपल्यासाठी मान्य करू शकत नाही, हे उघड आहे. परंतु जन्मभर संयमाने राहिलेल्या विरक्ताचे क्रमाक्रमाने अन्न सोडणे, आणि दवाखान्यातील बिलाने गांजलेल्या रोग्यास वैद्याने सुई टोचणे, ह्या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणे आम्हांस अप्रशस्त वाटते. आमचा आक्षेप दुसऱ्या गोष्टीस आहे. शेजाऱ्यांच्या व्रतावर कायद्याचा बडगा उगारावा, अशी आमची मागणी नाही.

‘असाध्य’ हा शब्द दयामरणाच्या प्रत्येक मसुद्यात असतो. त्याची परीक्षा करण्यास आपल्या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल. मिरजेस डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उघडले. ते प्रेस्बिटेरियन मिशनचे; आपल्या पंथाचे नव्हते, परंतु त्यांच्या पुण्याईचा लाभ ज्याच्या घराण्यास झाला नाही असे घर ह्या भागात विरळा. त्या मिशनने पुढे महारोग्यांसाठी आश्रम व क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी वसविली. तिकडे पाचगणीस डॉ. बिलिमोरिया ह्या पारशी वैद्यांनी १९१२ साली बेल एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूचे समन्स. चांगली हवा, दूध, अंडी, विश्रांती व परिचारिकेचा शांत शब्द यांपलीकडे वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. महारोगाची गोष्ट त्याहून बिकट. तेथे नातलगही येत नसत. त्या वेळी दयामरणाचा कायदा असता तर मिरज व पाचगणी येथील बहुतेक रोगी त्याच्या व्याख्येत बिनतक्रार बसले असते. पुढे १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, डॅप्सोन आले. १९८० नंतर बहुविध औषधोपचाराने महारोग पुरा बरा होऊ लागला. ज्यांना कोणी घाईने मोकळे केले नाही, त्यांच्यातील कित्येकांपर्यंत औषध पोहोचले.

तीच गोष्ट आमच्या पिढीने पुन्हा पाहिली. गेल्या शतकाच्या अखेरीस सांगली व सातारा हे जिल्हे एड्सच्या प्रादुर्भावासाठी दुर्दैवाने गाजले. पाचगणीचे तेच बेल एअर रेड क्रॉसच्या छत्राखाली व एका कॅथॉलिक धर्मगुरूच्या देखरेखीखाली ह्या रोग्यांची सेवा करू लागले. मरावयास आलेल्यांना निदान बिछाना व हातात हात मिळावा, एवढीच आरंभी अपेक्षा होती. एप्रिल २००४ पासून सरकारने विषाणुरोधक औषधे फुकट देण्यास प्रारंभ केला, आणि ‘असाध्य’ ठरलेली माणसे घरी परतून शेतीला लागली. ‘असाध्य’ हे विशेषण रोगाला लावताना त्याखाली तारीख घालण्याची पद्धत पडली तर बरे होईल.

जर्मनीची गोष्ट येथे टाळता येत नाही. १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातलेल्या एका पत्रान्वये हिटलरने वैद्यांना असाध्य रोग्यांस ‘दयेने’ मारण्याची मुभा दिली, व ऑगस्ट १९४१ पर्यंत सत्तर हजारांहून अधिक वेडे व अपंग लोक विषारी वायूने मारले गेले. म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी संत लांबेर्ट यांच्या देवळात प्रवचनपीठावरून ही गोष्ट नावानिशी उघड केली. त्याच महिन्यात तो कार्यक्रम निदान उघडपणे थांबविण्यात आला. आजचे दयामरणवादी संमतीवर भर देतात, व त्यांना नात्झींच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. परंतु गालेन यांनी विचारलेला प्रश्न संमतीपेक्षा खोल होता. जो उत्पादक नाही, त्याचे जीवन कमी मोलाचे, हे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर ते कोठे थांबेल? हॉलंडात २००२ साली कायदा अमलात आला. बेल्जमने त्याच वर्षी तो केला व २०१४ साली वयाची अट काढून टाकली. कॅनडाने २०१६ साली मृत्यू नजीक आलेल्यांपुरती मुभा दिली होती. २०२१ साली ती अट उडाली, आणि नुसते अपंग वा दीर्घ आजारी लोकही तीत आले. कुंपण दर वेळी थोडे पुढे सरकले आहे.

आपल्या राज्यात ह्या चळवळीचा आरंभ १९८१ साली मिनू मसानी यांनी मुंबईत काढलेल्या सन्मानाने मरण्याच्या हक्काच्या संस्थेपासून धरता येईल. १९८५ साली प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत ह्या विषयावर खासगी विधेयक आणले. ते कायद्यात उतरले नाही. पुढील साली मुंबई उच्च न्यायालयाने, मनाचा तोल गेलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविणारे कलम घटनाबाह्य ठरविले. तो दुर्दैवी मनुष्य तुरुंगाऐवजी उपचारास पात्र होता, हे आम्हांसही मान्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तेच मत घेतले व १९९६ साली फिरविले; जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा तो निर्णय होता.

आणि मग अरुणा शानभाग. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील ह्या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला, व गळा आवळल्यामुळे तिचा मेंदू कायमचा निकामी झाला. त्यानंतर बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात पडून होती. तिला कोणतेही श्वसनयंत्र लावलेले नव्हते. परिचारिका तिला मऊ केलेले अन्न भरवीत, अंग पुशीत, कुशी बदलीत. लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच होता की, हे भरविणे बंद करावे. विराणीबाईंच्या हेतूविषयी आम्हांस संशय नाही. तिची करुण कथा देशापुढे त्यांनीच आणली. परंतु रुग्णालयाच्या परिचारिकांनी, ज्यांतील पुष्कळजणी अरुणा पडली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, निक्षून नकार दिला. ती आमची आहे, असे त्यांचे म्हणणे. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला, आणि त्याच निकालाने इतर प्रसंगी उच्च न्यायालयाच्या संमतीने उपचार काढून घेण्याचे दार उघडले. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारली. ह्या परिचारिका निरनिराळ्या धर्मांच्या होत्या. ख्रिस्तसभेने १९८० च्या जाहीरनाम्यात व पोप योहान पौल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रात जे सांगितले, ते त्या कोणतेही परिपत्र न वाचता रोज तीन वेळा करीत होत्या.

आमच्या धर्मबंधूंत एक गैरसमज फार पसरला आहे. रोग्यास शेवटच्या घटकेपर्यंत यंत्रे लावून ठेवलीच पाहिजेत, नाहीतर पाप लागते, असे समजून कित्येक कुटुंबे जमीन गहाण टाकतात. ख्रिस्तसभेची ही शिकवण नव्हे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली वैद्यांपुढे बोलताना स्पष्ट केले की, सामान्य उपचार बंधनकारक आहेत, असाधारण उपचार नाहीत. आणि वेदना शमविण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू मारण्याचा नसेल तर ते देण्यास हरकत नाही. निष्फळ व अवजड उपचार थांबवून मरण येऊ देणे वेगळे; मरण आणणे वेगळे. अन्न व पाणी मात्र, नळीने द्यावे लागले तरी, जोवर शरीर ते स्वीकारते व त्याने पोषण होते, तोवर सामान्य शुश्रूषेतच मोडते, असे २००७ साली रोमहून सांगण्यात आले. येथे आपल्या न्यायालयांची रेषा व ख्रिस्तसभेची रेषा एकमेकींस मिळत नाहीत.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र जिव्हारी लागणारा आहे. वेदनेने तळमळणाऱ्याला ‘मरू नको’ एवढेच सांगून तुम्ही घरी जाता, असे ते म्हणतात. ह्यास युक्तिवादाने उत्तर नाही. मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली शांती अवेदना आश्रम उघडला, व होली क्रॉस संघाच्या धर्मभगिनींनी तेथे कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यांची सेवा हाती घेतली. भारतातील अशा प्रकारचा तो पहिला आश्रम. परंतु १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन मिळणे इतके दुष्कर झाले की, देशातील बहुसंख्य कर्करोगी ते न मिळताच गेले. तो जाच २०१४ च्या दुरुस्तीने काहीसा सैल झाला. माण वा जत तालुक्यातील एखाद्या वस्तीवर घशाच्या कर्करोगाने ओरडणाऱ्या म्हाताऱ्यास मॉर्फिनची गोळी कोण नेऊन देतो, ह्या प्रश्नापुढे मोठमोठ्या परिषदांतील ठराव फिके पडतात. आणि म्हातारा जेव्हा म्हणतो, ‘आता पुरे, पोरांनो, माझ्यापायी तुमचे कर्ज वाढते,’ तेव्हा ती त्याची इच्छा म्हणावी की सावकाराची?

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उपचार काढून घेण्यास व त्याविषयी आगाऊ लेख करून ठेवण्यास मान्यता दिली; २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. आता असा लेख दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही करता येतो, व उपचार थांबविण्यापूर्वी वैद्यांच्या दोन मंडळांचे मत घ्यावे लागते. सुई टोचून मारणे आजही बेकायदेशीरच आहे. कॅथॉलिक मनुष्याने असा लेख करावा की नाही, असे आम्हांस कित्येक जण विचारतात. करण्यास प्रत्यवाय नाही. त्यात निष्फळ यंत्रोपचार नको असे लिहावे. अन्नपाणी व वेदनाशमन सोडू नये असे लिहावे. आपल्या वतीने बोलणारे मनुष्य असे निवडावे की ज्याचा आपल्या मालमत्तेत हितसंबंध नाही. आणि धर्मगुरूस बोलावण्याची सूचना त्यात आवर्जून घालावी, व बोलावणे शुद्ध असतानाच पाठवावे असे घरच्यांना बजावून ठेवावे. कारण रुग्णाभ्यंगासाठी निरोप येतो तो बहुधा मध्यरात्री, आणि बहुधा उशिरा.